घरत सरांचं पित्त

घरत सरांचा चेहरा लाल व्हायचा. गळ्यापासून सुरुवात व्हायची, मग गाल, मग कान, मग कपाळ. पाच-दहा मिनिटांत सगळं ओसरायचं आणि माणूस पुन्हा होता तसा सावळा. एवढ्या एका गोष्टीवरून पनवेलच्या आमच्या शाळेनं त्यांना दारुडा ठरवलं. गेल्या वर्षी सर गेले. शाळेच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली आणि तिच्याखाली कुणीतरी लिहिलं, 'माणूस चांगला होता, पण...' त्या तीन टिंबांचा मला इतका संताप आला की मी ग्रुपच सोडला. त्या टिंबांच्या जागी खरं काय होतं ते कुणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहिते आहे.

मी त्या शाळेत गणित शिकवायचे, घरत सर संस्कृत. आगरी घरातला माणूस संस्कृत शिकवतो हे आमच्या शाळेच्या घशाखाली कधी नीट उतरलंच नाही. त्यांच्या वडिलांची मिठागरं होती. जमिनी गेल्या, पैसा आला, चुलत भाऊ एकेक करत बिल्डर झाले आणि सुकापूरच्या त्यांच्या गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. सर मात्र एका जुन्या स्कूटरवरून शाळेत यायचे. वर्गात एकेक विसर्ग असा सोडायचे की मागच्या बाकावरच्याला पण ऐकू जावा. "विसर्ग खाऊ नका रे, डब्यात काय हाय ते खा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आले की, "बाई, आज तुमच्या वैनीनं बोंबील दिलेत, या बसा." काही शिक्षक तेवढ्यात खिडकीकडे तोंड करून बसत. सर त्यांच्याकडे बघून आणखी एक बोंबील मोडत.

त्यांच्या दोन सवयी आम्हाला चेष्टेला पुरायच्या. एक म्हणजे खिशात कायम ओला रुमाल. चेहरा तापू लागला की तो मानेवर ठेवायचे. दुसरी म्हणजे कुठेही गेले तरी दाराजवळची खुर्ची. लग्न असो, सभा असो, निरोप समारंभ असो, पहिल्या रांगेत बसवलं तरी हळूच उठून दारापाशी यायचे. एकदा मुलांची सहल कर्नाळ्याला नेली होती. गाईड पक्ष्यांची नावं सांगायला लागला तर सर म्हणाले, "पाखरं मंग दाखवा, आधी ते कुठं हाय ते सांगा." पोरं हसून लोळली. मी पण हसले. त्यांना दिवसातून आठ-दहा वेळा संडासला जावं लागतं, हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक होतं.

विचारलं तर उत्तर एकच, "पित्त हाय माझं."

आता या शब्दानं काय घोटाळा केला ते ऐका. आपल्याकडे छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त आणि अंगावर लाल चट्टे उठले तरी पित्तच. सरांच्या गावात अंग लाल झालं की पित्त उठलं म्हणतात आणि आमसुलाचं पाणी देतात. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "माझं पित्त उठतं." डॉक्टरांनी ऐकलं ॲसिडिटी. दिल्या गोळ्या. दुसऱ्या डॉक्टरांनी जुन्या गोळ्या बघून जास्त ताकदीच्या दिल्या. तिसऱ्यांनी जुलाबाचं ऐकलं, आमांश ठरवला. चौथे म्हणाले, तुमचं आतडं फार हळवं आहे, टेन्शन घेऊ नका. मध्येच दम लागायला लागला म्हणून एक पंप हातात आला. चेहरा, पोट आणि श्वास हे तिन्ही एकाच माणसाचे आहेत, हे बघायला कुणाला सवड नव्हती. आणि प्रत्येक डॉक्टरांकडे सर जाऊन बसत तेव्हा नेमका चेहरा शांत असे. "दवाखान्यात पाय टाकला का पित्त पण संस्कारी होतं," ते म्हणायचे.

दारूचं म्हणाल तर त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. त्यामागे प्रतिज्ञा नव्हती, माळ नव्हती, काही नव्हतं. "मला तिचा वासच सोसत नाय," इतकंच. त्यांच्या भाऊबंदांत हे फार विचित्र होतं. हळदीच्या रात्री मांडवात सगळे चुलतभाऊ घेऊन बसलेले आणि हा एकटा हातात सरबत धरून. त्यांना सगळे 'भटजी' म्हणत. एका पुतण्याच्या हळदीला, गर्दीत, उकाड्यात, झणझणीत मटणाचा पहिला घास घेतला आणि चेहरा पेटला. सगळ्यात थोरला चुलतभाऊ ओरडला, "आरं भटजी चोरून घेतो!" सगळा मांडव खूश झाला. कुणी पाठीवर थापा मारल्या, कुणी मिठी मारली. सर सांगायचे, "बाई, त्या दिवशी मी पयल्यांदा त्यांच्यातला झालो. नाय म्हणवेना मला." हे सांगताना ते हसायचे. गावाकडची ती चेष्टा त्यांना कधी लागली नाही. तिथं दारुडा म्हणणं हा प्रेमाचा भाग होता.

लागलं ते शाळेतलं, आणि तिथं तर कुणी आवाजही चढवला नव्हता.

त्या पुतण्याच्या हळदीच्या दुसऱ्याच दिवशी पालकसभा होती. सर बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांत गळा, गाल, कान. रुमाल काढून मानेवर ठेवला, खुर्चीचा आधार घेतला आणि पाचव्या वाक्याला "आलोच" म्हणून बाहेर धावले. पालकांत कुजबुज झाली. संध्याकाळी हेडसरांनी त्यांना बोलावलं. मी तेव्हा पर्यवेक्षक होते, त्यामुळे त्या खोलीत होते.

आमचे हेडसर फार सज्जन माणूस. कधी कुणाला अरे-तुरे नाही, कुणाचा पगार अडवला नाही. त्यांनी घरत सरांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "घरत, काल तुमच्याकडे हळद होती ना? तुमच्याकडे हळदीला चालतंच, मी समजू शकतो."

"सर, मी घेत नाय."

"मी कुठं म्हणतोय घेता?"

"तुमी तेच म्हणताय, सर. माझं पित्त हाय. वास घ्या तोंडाचा."

हेडसर कसनुसे हसले. कुणाच्या तोंडाचा वास घेणं त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हतं. "असू दे हो. वास न येणाऱ्या पण असतात म्हणे. झालं ते झालं. मी वर काही कळवणार नाही. मी तुम्हाला माफ केलं, विषय संपला."

घरत सर उभे राहिले. "माफ नका करू, सर. चौकशी लावा."

"छे छे, चौकशी कसली? इतक्या वर्षांची तुमची नोकरी."

मी मध्ये बोलले. मी म्हटलं, हा माणूस माझ्यासमोर रोज जेवतो, मला माहीत आहे. हेडसरांनी माझ्याकडे अतिशय प्रेमानं बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा स्वभाव चांगला आहे."

पुढच्या जूनमध्ये नववी-दहावीचं संस्कृत दुसऱ्या शिक्षकांकडे गेलं. सरांना मिळालं पाचवीचं मराठी आणि ग्रंथालयाची किल्ली. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे दाद मागायची सोय नव्हती. "बाई, आरोप झाला असता तर सुटलो तरी असतो," ते म्हणायचे. "माफ केलेला मानूस कसा सुटणार?" दोन वर्षं त्यांनी पुस्तकांवरची धूळ झटकली आणि मुदतीच्या आधीच नोकरी सोडली. निरोप समारंभात हेडसरांनी त्यांच्या विसर्गांचं कौतुक केलं आणि तब्येतीला जपायला सांगितलं. 'तब्येत' म्हणताना ते जरा थांबले. सगळ्या हॉलला कळलं.

आजार सापडला तो नोकरी सोडल्यावर आणि तोही चुकून. मूतखड्याचा संशय आला म्हणून सोनोग्राफी केली तर यकृतावर डाग दिसले. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोटाचं विचारलं, श्वासाचं विचारलं आणि मग विचारलं, चेहरा लाल होतो का? सर म्हणाले, "पित्त उठतं." तिनं विचारलं, पित्त म्हणजे नक्की काय होतं, ते करून दाखवल्यासारखं सांगा. सरांनी गळ्यापासून कपाळापर्यंत हात फिरवून दाखवला. मग तिनं विचारलं, दारू घेता? सर म्हणाले नाही. तिनं कागदावर 'नाही' असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. हे ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे. "बाई, एकदाच विचारलं तिनं. मी नाय म्हटलं, तिनं नाय लिवलं. इतकं सोपं होतं वो ते."

मग एक तपासणी सांगितली. पूर्ण दिवसाची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवून न्यायची. सरांनी नेमानं साठवली आणि सकाळी कॅन मांडीवर घेऊन रिक्षात बसले. नाक्यावर सिग्नलला शाळेचा शिपाई भेटला. त्याला काय दिसलं? घरत सर, लाल तोंड, मांडीवर पिवळसर पाण्यानं भरलेला पांढरा कॅन. आपल्या भागात असल्या कॅनमधून काय येतं-जातं ते सगळ्यांना माहीत आहे. दुपारच्या आत शाळेत बातमी पोचली की घरत आता कॅननं आणतात. मी त्या शिपायाला खडसावून सांगितलं त्यात काय होतं ते. तो म्हणाला, "बाई, मुताला कोन एवढं सांभाळून मांडीवर घेतं?"

निदान झालं. लहान आतड्यात एक गाठ, हरभऱ्यापेक्षा जरा मोठी, आणि तिची पिल्लं यकृतात. ती गाठ रक्तात काही रसायन सोडते, त्यानं चेहरा लाल होतो, जुलाब होतात, दम लागतो. सगळी कोडी एका फटक्यात सुटली. कॅन्सरच, पण नाव लांबलचक, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. डॉक्टर आपसांत नुसतं 'नेट' म्हणत. तरुणपणी कॉलेजात प्राध्यापक व्हायचं म्हणून सर नेटच्या परीक्षेला बसले होते आणि नापास झाले होते. त्यांनी मला फोन केला, "बाई, अभिनंदन करा. जन्मभर नेट निघाली नव्हती. शेवटी आतड्यात निघाली." मला हसावं की रडावं कळेना. पलीकडे वहिनी रडत होत्या ते ऐकू येत होतं. एकदम सर गंभीर झाले. "मी तिला विचारलं, हे कधीपासून असेल? ती म्हणाली, बरीच वर्षं. हळूहळू वाढतं. मंग मी विचारलं, शाळेत होतो तेव्हा पण? ती म्हणाली, होतंच की. बाई, होतंच की म्हणाली ती." कॅन्सर झालेला माणूस इतक्या आनंदात मी कधी ऐकला नाही. त्यांना वाटलं, आता सुटलो.

आतड्याचा तुकडा काढला. यकृतातलं काढण्याजोगं नव्हतं, त्यासाठी दर महिन्याला कमरेत एक जाडजूड इंजेक्शन. डॉक्टरिणीनं सांगितलं, हा बरा होणार नाही, पण ताब्यात राहील, याच्याबरोबर माणसं वर्षानुवर्षं जगतात. सर जगले. आणि इथून त्यांच्या मागे दुसरी कटकट लागली.

कॅन्सर म्हटल्यावर आधी सगळं सुकापूर भेटायला लोटलं. नारळपाणी, डोळ्यांना पदर, 'काय इच्छा असंल तर सांगा.' थोरला चुलतभाऊ तर पाया पडून रडून गेला. वर्ष गेलं, दोन गेली. घरत सर भाजी आणायला जातात, नातवाला शाळेत सोडतात, गाल लाल. लोकांना कळेना आता काय करायचं. इच्छा विचारून झाली होती, रडून झालं होतं. गल्लीतल्या एका बाईचा नवरा कसल्याशा कॅन्सरनं तीन-चार महिन्यांत गेला. ती बाई वहिनींना तोंडावर म्हणाली, "तुमच्या मालकांचा कसला ग कॅन्सर? आमच्या मानसाला झाल्ता तो कॅन्सर." वहिनींनी ते ऐकून घेतलं. मग घरी येऊन मला म्हणाल्या, "आता काय मरून दाखवायचं का यांनी?" पुढं कुणीतरी बोललंच की कॅन्सरफिन्सर काही नाही, दारूनं लिव्हर गेलंय, ते झाकायला हे नाव घेतात. यकृत हा शब्द लोकांना पुरेसा होता.

या सगळ्यात सरांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती गल्लीकडून नको होती. हेडसरांनी एकदा म्हणायला हवं होतं, की घरत, तुम्ही प्यायला नव्हतात. बस. निदान झाल्यावर महिन्याभरातच ते हेडसरांकडे गेले होते. हेडसर निवृत्त होऊन नवीन पनवेलला राहत होते. सरांनी मला बरोबर नेलं. सगळं सांगितलं, गाठ कुठं, रसायन काय, चेहरा का लाल होतो, एखाद्या पाठासारखं, पायरी पायरीनं. हेडसर पूर्ण वेळ मान हलवत होते. त्यांचे डोळे भरून आले. संपल्यावर त्यांनी सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "फार सोसलंत. आता जुनं उगाळायचं नाही. माझ्या मनात तर तेव्हाही काही नव्हतं." बाहेर आल्यावर सरांनी ओला रुमाल मानेवर ठेवला. मग म्हणाले, "मनात काय नव्हतं तर संस्कृत का काढलं, हे विचारायचंच राहिलं." मी नंतर स्वतः दोनदा हेडसरांना फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी सरांच्या प्रकृतीची आस्थेनं चौकशी केली. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंतीला ओरखडा तरी पडतो.

शाळेनं जुन्या शिक्षकांचा सत्कार ठरवला तेव्हा सर थकले होते. त्या रसायनानं हृदयाच्या झडपा खराब झाल्या होत्या, पावलं सुजायची. इंजेक्शनचा महिना संपत आला की लाली जोरात परत यायची, आणि कार्यक्रम नेमका त्या दिवसांत आला. वहिनी म्हणाल्या, "नका जाऊ. इंजेक्शन झालं का मंग कदी पन जाऊ शाळेत." पण हेडसर प्रमुख पाहुणे होते. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि या वेळी दाराजवळ न बसता पहिल्या रांगेत बसले.

हेडसर बोलायला उठले. वय झालं होतं, आवाज मात्र तसाच मऊ. एकेका शिक्षकाबद्दल दोन शब्द बोलत ते घरत सरांपाशी आले आणि थांबले. "आता ज्यांच्याबद्दल बोलणार आहे," ते म्हणाले, "त्यांच्याबद्दल मी आजवर जाहीरपणे बोललो नाही, याची मला खंत आहे." मी सरांकडे बघितलं. ते खुर्चीत पुढं सरकले होते. वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

"घरतांच्या आयुष्यात एक वाईट काळ आला होता. आमच्यातल्या अनेकांना तो ठाऊक आहे. पण या माणसानं काय जिद्द दाखवली बघा! आधी व्यसनावर मात केली आणि मग त्या व्यसनानं दिलेल्या कॅन्सरवर! मुलांनो, सुधारायचं ठरवलं तर देव आयुष्य वाढवून देतो, याचं हे जिवंत उदाहरण तुमच्यासमोर बसलंय."

टाळ्या थांबेनात. मागची मुलं उभी राहून वाजवत होती. वहिनींच्या तोंडून "अगो बया" एवढंच आलं. सर उठले. व्यासपीठावर गेले, शाल घेतली, नारळ घेतला आणि माइकच्या दिशेनं वळले. तोंड उघडलं, आणि गळ्यापासून सुरुवात झाली. गाल, कान, कपाळ. इतका लाल मी त्यांना कधी पाहिला नव्हता. पहिल्या रांगेतल्या दोन जुन्या शिक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. सरांनी ते बघणं बघितलं. माइकवर ठेवलेला हात काढला, नमस्कार केला आणि खाली उतरले.

मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावले. वहिनी रिक्षा थांबवत होत्या. मी म्हटलं, "सर, माइकपर्यंत गेला होतात. बोलला का नाहीत?"

त्यांनी लाल गालावर बोट ठेवलं. "कोनच्या तोंडानं बोलू, बाई?"

रिक्षात बसताना त्यांचा तोल गेला. सुजलेला पाय पायरीवरून सटकला, वहिनींनी धरलं. नारळ खाली पडून गटारापर्यंत गेला, तो कुणी उचलला नाही. रिक्षा निघाली. त्यानंतर सर काही महिनेच होते. पण मी त्यांना पाहिलं ते शेवटचं तेवढंच, वहिनींच्या खांद्यावर डोकं टाकलेलं, तापलेलं, लाल.

हेडसर केव्हा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांनीही सरांना अडखळताना पाहिलं होतं. रिक्षा वळेपर्यंत ते बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"सुटत नाही हो, बाई," ते हळहळून म्हणाले. "इतकी वर्षं सोडली होती त्यांनी. आणि आजच घेऊन यायचं होतं का?"